चौथं रबर

मित्रांनो, आत येताना पायाला काही टणक लागलं तर दचकू नका. तो मीच आहे. वहीएवढा, ॲल्युमिनियमचा, पाठीवर बारीक कंगोरे असलेला एक चपटा डबा. सध्या मी एका घराचं दार अडवून धरतो. वाऱ्याने दार आपटू नये, एवढीच माझ्याकडून अपेक्षा आहे. पण एके काळी मी एका मोठ्या ट्रकच्या इंजिनाचा मेंदू होतो. हसू नका, खरंच होतो!

माझं पाळण्यातलं नाव इंजिन कंट्रोल मॉड्यूल. ते नाव उच्चारून होईपर्यंत ट्रक पुढच्या वळणावर पोचतो, म्हणून गॅरेजात सगळे मला सरळ 'डबा' म्हणायचे. सुरुवातीला मला त्याचा फार राग यायचा. एवढा शिकलेला मी, आणि डबा? पुढे सवय झाली. आता तर कोणी पूर्ण नावाने हाक मारली तर मी इकडेतिकडे बघेन.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. तिथे सगळे पांढरे कोट आणि टोप्या घालून हळू आवाजात बोलायचे. माझ्या पोटातल्या हिरव्या पाटीवर शेकडो बारीक भाग डाग देऊन, म्हणजे कथील वितळवून, बसवले गेले. एका बाईंनी भिंगाखाली माझा एक एक डाग तपासला. मग मला भट्टीत घातलं, मग बर्फासारख्या गार खोलीत ठेवलं, पुन्हा भट्टीत. मी हूं की चूं केलं नाही. बाईंनी माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि म्हणाल्या, "हा टिकेल." हे दोन शब्द मी आयुष्यभर मिरवले.

मग मला एका नव्याकोऱ्या ट्रकच्या इंजिनाच्या कुशीला बसवलं. चार कोपऱ्यांना चार बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टखाली रबराची एक जाड चकती. इंजिन दिवसभर थरथरतं. ती थरथर माझ्या पोटातल्या नाजूक डागांपर्यंत पोचू नये म्हणून ही चार रबरं. ती लक्षात ठेवा. सगळं रामायण त्यांच्यावरून घडलं.

माझं काम ऐकण्याचं आणि ठरवण्याचं. इंजिनात ठिकठिकाणी सेन्सर नावाचे खबरे बसलेले असतात. एक सांगतो हवा किती दाबाने येतेय, दुसरा सांगतो इंधन किती दाबाने येतंय. ते ऐकून मी ठरवायचो, इंजिनाला आत्ता किती इंधन द्यायचं. सेकंदाला शेकडो वेळा ठरवायचो. दमलो असं एकदाही म्हटलं नाही.

पण माझा सगळ्यात लाडका खबऱ्या होता पॅडलचा सेन्सर. ड्रायव्हरने पाय किती दाबला हे तो मला सांगायचा. मी ड्रायव्हरचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. मी खाली इंजिनाशी, ते वर केबिनमध्ये. आमची ओळख फक्त पायाची; बाकी जे सांगतोय ते कानावर आलेलं. मित्रांनो, पायावरून माणूस कळतो बरं का! एकदा बदली ड्रायव्हर आला होता, तो पॅडलवर नुसत्या लाथा घालायचा. हा पाय मात्र आधी हळूच टेकायचा, "उठलास का रे?" असं विचारल्यासारखा. मग अंदाज घेत घेत वजन टाकायचा. चढावर तर मी मनातल्या मनात म्हणायचो, आता जरा जास्त मागेल, आणि तो पाय नेमकं तेवढंच मागायचा.

त्या पायाच्या मालकांना सगळे सावकाशकाका म्हणायचे. कोणी घाई केली की काकांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "सावकाश." गोण्या चढवणाऱ्यांना सावकाश, गेटवरच्या पहारेकऱ्याला सावकाश, घरी बायकोला फोनवर सावकाश. काकू म्हणायच्या म्हणे, "लग्नाला होकार द्यायलासुद्धा या माणसाने दोन महिने लावले." काकांसोबत मी अकरा वर्षं काढली. अकरा वर्षांत एकदाही धडक नाही, खरचटणं नाही. लोक म्हणायचे, काय गाडी चालते! मी अंधारात बसून फुगायचो.

आता आमच्या मिस्त्रींबद्दल सांगतो. गॅरेज त्यांचं. काका आणि मिस्त्री तरुणपणापासूनचे दोस्त, अगदी अरे-तुरेतले. मिस्त्रींच्या हाताला गुण होता. नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं सांगायचे. पण मला मात्र ते जरा टरकून असायचे. माझ्याकडे बोट करून म्हणायचे, "या डब्याच्या वाटेला जायचं नाही. डब्यात काही बिघडत नाही, बिघडतं ते बाहेर." ऐकून मला कसं बरं वाटायचं! स्वतःची खोटी स्तुतीसुद्धा गोड लागते, मित्रांनो.

सहा वर्षांपूर्वी माझ्या मागची एक नळी गळू लागली. नळी बदलायची तर मला काढणं भाग होतं. मिस्त्रींनी मला काढलं, नळी बदलली, आणि मला परत बसवताना एक रबर हातातून निसटून कुठेतरी खाली गेलं. त्यांनी टॉर्च लावून शोधलं, वाकून शोधलं, कपाळाला हात लावला. मग टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेतला, कात्रीने कोपरे छान गोल कापले आणि बोल्टखाली सरकवला. "तात्पुरतं लावतो," ते काकांना म्हणाले, "पुढच्या खेपेला नवीन टाकू." काका म्हणाले, "सावकाश टाक, घाई नाही." एरवी त्यांच्या त्या शब्दावर माझा जीव होता. त्या दिवशी मात्र त्यांनी जरा घाई करायला हवी होती.

पुढची खेप आली नाही. मिस्त्री विसरले. काका विसरले. ट्यूबचा तुकडा उन्हातान्हात कडक झाला, त्याचा भुगा झाला, आणि चौथ्या कोपऱ्यातून इंजिनाची सगळी थरथर माझ्या पोटात शिरू लागली. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. शेवटी माझ्या आतल्या एका डागाला केसाएवढी चीर गेली. थंड असलो की चीर मिटायची आणि मी ठणठणीत. तापलो की चीर उघडायची, आणि मी सेन्सरना जी वीज पुरवतो ती गायब. वीज नाही म्हणजे खबऱ्यांचा आवाज बंद.

पहिल्यांदा हे एका चढावर झालं. ट्रक सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला. मैलाच्या पांढऱ्या दगडापाशी मला एकदम काही ऐकू येईना. इंजिन जागच्या जागी बंद. ट्रक दोन हात मागे घसरला. मागे एक लहान गाडी होती. काकांनी ब्रेक घट्ट धरला म्हणून बरं, नाहीतर आज मी हे सांगत बसलो नसतो. दहा मिनिटांनी मी जरा निवलो आणि इंजिन पुन्हा सुरू झालं, जसं काही झालंच नव्हतं.

आता माझं पाप ऐका. काही बिघडलं की त्याची नोंद मी माझ्या आठवणीत करून ठेवतो. मिस्त्री यंत्र लावून ती नोंद वाचतात. तर त्या दिवशी मी नोंद केली, 'इंधनाच्या दाबाचा सेन्सर बोलत नाही.' मिस्त्रींनी तो सेन्सर काढून भंगारात टाकला. बिचारा! त्याचा काही गुन्हा नव्हता. दुसऱ्या वेळी मी हवेच्या दाबाच्या सेन्सरचं नाव लिहिलं. तोही गेला. ज्याचा आवाज मला ऐकू येईना, त्याला मी मुका ठरवत होतो. बहिरा मीच होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही!

आणि तिसऱ्या वेळी माझ्या हातून लिहिलं गेलं, 'पॅडल.'

मिस्त्रींनी पॅडलचा सेन्सर तारांसकट बदलला. त्याच आठवड्यात ट्रक पुन्हा त्याच दगडापाशी बंद पडला आणि मी पुन्हा तेच लिहिलं. मिस्त्रींनी यंत्र काढून पुन्हा लावून बघितलं. मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "अरे, सेन्सर नवीन, तारा नवीन, तरी पॅडलचंच नाव येतंय. मग राहिलं काय? पायच ना? वय झालं आपलं. चढावर गिअर चुकत असेल तुझा. इंजिन दम सोडत असेल."

 काका भांडले असते तर बरं झालं असतं. ते मान खाली घालून केबिनमध्ये चढले, आणि इंजिनाशी बसलेल्या मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पायावर माझा सगळ्यात जास्त जीव, त्याच्याविरुद्ध मीच साक्ष दिली होती.

ट्रकची मालकीण वयाने काकांच्या मुलीएवढी. वडिलांच्या माघारी पाच ट्रकांचा व्याप ती एकटी बघायची. तिने काकांना बोलावून घेतलं. मी दाराबाहेरच उभ्या ट्रकमध्ये होतो, मला सगळं ऐकू आलं.

"काका, मी तुमच्या मांडीवर खेळलेली आहे. मला हे बोलताना कसंतरी होतंय," ती म्हणाली. "पण उद्या तुम्हाला काही झालं तर मी काकूंना काय तोंड दाखवू? मागच्या गाडीत कोणाची मुलं असली तर? एक तारखेपासून तुम्ही गेटवर बसा. या गेटच्या किल्ल्या."

"ताई, गिअर नाही चुकला माझा," काका एवढंच म्हणाले.

"काका, प्लीज."

त्यांनी किल्ल्या घेतल्या. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पगार तेवढाच मिळणार होता. पण जन्मभर जपलेलं नाव, 'याच्या हातून गाडी चुकत नाही' हे नाव, ते त्या गेटवर टांगून घरी जावं लागणार होतं. एक तारखेला नऊ दिवस होते. शेवटचं एकदा नीट बघून द्या, असं सांगून मालकिणीने ट्रक पुन्हा गॅरेजला पाठवला.

मिस्त्रींकडे आठ महिन्यांपूर्वी सून आली होती. ती मोटारींच्या विजेचं काम शिकलेली. वीज मोजायचा मीटर कायम गळ्यात अडकवलेला, त्यामुळे दागिन्याची हौस त्यातच फिटली म्हणून सासूबाई नाक मुरडायच्या. मिस्त्रींनी तिला गॅरेजात घेतलं होतं, पण अट घालून. "दिवे आणि हॉर्न तुझे, इंजिन माझं." सूनबाई गोड हसून 'बरं बाबा' म्हणायची आणि दिवे जोडता जोडता सगळ्या गॅरेजवर नजर ठेवायची.

त्या दिवशी तिला खिडकीतून दिसलं, आमचा ट्रक बाहेर झाडाखाली उभा आहे, केबिन पुढे कलवून इंजिन उघडं टाकलंय, आणि काका स्टुलावर बसून चहा पीत आहेत. ती बाहेर आली.

"काका, आत का नाही आणत गाडी?"

"थंड होऊ दे की जरा."

"किती वेळ?"

"तासभर तरी. गरम इंजिनात कोणाला हात घालायला लावायचा नाही, असं ठरवलंय मी. तुझ्या सासऱ्यांच्या मनगटावरचा डाग बघितलास ना? तो माझ्याच गाडीचा. तरुण होतो, घाई होती मला. म्हटलं, कर लवकर. बिचाऱ्याची सालटी निघाली." काकांनी कप खाली ठेवला. "तेव्हापासून मी आपला सावकाश."

"आणि प्रत्येक वेळी असे तासभर थांबता?"

"प्रत्येक वेळी. एकदाही चुकवलं नाही."

सूनबाईने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अहो काका! तुम्ही रोग्याला बरा करून मग दवाखान्यात आणताय!"

मित्रांनो, त्या क्षणी मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण हात कुठून आणू? सहा महिने मी झाडाखाली निवून, शहाण्या मुलासारखा गॅरेजात शिरायचो, आणि मिस्त्रींना सापडायचं काय, तर काहीच नाही. एका दोस्ताची माया दुसऱ्या दोस्ताच्या डोळ्यांवर पट्टी बांधत होती, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

सूनबाई सासऱ्यांकडे गेली. मिस्त्री आधी उसळले. "डबा? अगं, चाळीस वर्षांत एक डबा बिघडलेला बघितला नाही मी."

"बाबा, बिघडलेला बघायचा तर गरम असताना बघायला नको का?"

"आणि तो पॅडलचं नाव घेतोय त्याचं काय?"

"आज पॅडलचं. आधी इंधनाचं, त्याआधी... नाही, मधे हवेचं. तीन सेन्सर, तीन ठिकाणी, आणि तिघेही पाळीपाळीने मुके? तिघांना वीज मात्र एकाच ठिकाणाहून मिळते. डब्यातून. सगळेच मुके झाले असं कोणी सांगायला लागला, तर आधी त्याचे कान तपासावेत ना?"

मिस्त्री मिशीला हात लावत राहिले. मग म्हणाले, "बघ बाई. पण आधी तारा तपास. डब्यावर खापर फोडून मोकळं व्हायचं, हे माझ्या गॅरेजात चालायचं नाही."

त्यांचं तेही बरोबर होतं. सूनबाईने माझ्याकडे येणाऱ्या विजेच्या तारांना हेडलाइटचा बल्ब जोडून बघितला. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे माझ्यापर्यंत वीज भरपूर पोचत होती. घरातलं अन्नपाणी व्यवस्थित, दुखणं माझ्याच पोटात.

दुसऱ्या दिवशी काका गोण्या भरून चढ चढले. ट्रक ठरल्याप्रमाणे दगडापाशी बंद पडला, दहा मिनिटांनी सुरू झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काका झाडाखाली न थांबता थेट गॅरेजात शिरले. खाली उतरून मिस्त्रींना शंभरदा बजावलं, "हात सांभाळ रे, हात सांभाळ."

इंजिन चालू ठेवून सूनबाईने मीटरच्या दोन टोकांनी सेन्सरला मिळणारी वीज धरली. मग तारांवरच्या नळ्या आकसवायला वापरतात तो गरम हवेचा पंखा माझ्या पाठीवर धरला. मी तापलो. चीर उघडली. मीटरवरचा आकडा पाचावरून थेट शून्यावर आला आणि इंजिन गप्प झालं. तिने टायरमध्ये भरायची हवा माझ्यावर सोडली. मी निवलो. चावी फिरवली, इंजिन सुरू. पुन्हा गरम हवा, पुन्हा बंद. पुन्हा गार, पुन्हा सुरू. असं तीनदा झालं. पॅडलवर कोणाचा पायही नव्हता.

"आत पूर्ण वीज जातेय, बाहेर काहीच येत नाही," सूनबाई म्हणाली. "बाबा, हाच."

हाच! मित्रांनो, चोर सापडला की त्याला वाईट वाटत असेल. माझा तर जीव भांड्यात पडला. सापडलो एकदाचा! आता तरी कोणी त्या पायाला बोल लावणार नाही. काका केबिनच्या पायरीवर खाली बसले आणि त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते.

सूनबाईने आधी बॅटरीची तार सोडवली आणि मग माझे बोल्ट. तीन कोपऱ्यांतून तीन रबरं निघाली. चौथ्यातून काळा भुगा आणि नखाएवढा एक कडक तुकडा पडला. मिस्त्रींनी तो उचलला, तळहातावर घेतला, चष्मा वर करून बघितला. एक कोपरा अजून शाबूत होता. छान गोल कापलेला. स्वतःच्या कात्रीची चाल माणसाला कळते.

"हे माझं काम आहे," ते म्हणाले.

"जाऊ दे रे," काका म्हणाले.

"जाऊ दे काय? सहा वर्षांपूर्वी मी 'तात्पुरतं' म्हणालो होतो, आठवतंय? आणि वर तुझ्याच पायाला नाव ठेवलं. मालकिणीला मीच सांगितलं, गाडीत काही नाही, माणूस थकलाय म्हणून. मी!"  त्यांनी तिथल्या तिथे मालकिणीला फोन लावला आणि एक शब्दही न लपवता सगळं सांगितलं. चाळीस वर्षं ज्याचा शब्द कोणी खोडला नाही, त्या माणसाला आपल्या सुनेसमोर 'चूक माझी' म्हणणं सोपं नसतं. मला वाटतं, त्या दिवशी गॅरेजात सगळ्यात अवघड काम त्यांनीच केलं.

मालकीण म्हणाली, "मिस्त्रीकाका, तुमचं ऐकून मी एकदा फसले. आता मी डोळ्यांनी बघेन. नवा डबा लावा, गाडी भरा, आणि मला तो चढ चढून दाखवा. तीस तारखेपर्यंत."

नवा डबा आला. माझ्यासारखाच दिसायला, पण अगदी कोरा. त्याला हा ट्रक कोणता, याची इंजेक्टर नावाची इंधन फवारणारी सहा तोंडं कशी, कोण जास्त फवारतं, कोण जरा कंजूष, काहीच ठाऊक नव्हतं. हे सगळं फक्त माझ्या आठवणीत. सूनबाईने मला टेबलावर पालथं ठेवून वीज दिली आणि लॅपटॉपला जोडलं. माझी आठवण उतरवून घ्यायला वीस मिनिटं लागणार होती. मधेच चीर उघडली तर सगळं पुसलं जाणार, आणि तीच माहिती कंपनीकडून मागवायची तर तीन आठवडे. तारीख होती अठ्ठावीस.

"शहाण्या, एवढं कर," सूनबाई माझ्या कानाशी म्हणाली आणि तिने टेबलपंखा माझ्याकडे वळवला.

मी केलं! आयुष्यात इतक्या थंड डोक्याने मी कधी बसलो नव्हतो. दहा टक्के झाले, तीस झाले. साठाला मला पोटात कुठेतरी ऊब जाणवली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मिस्त्री पुठ्ठा घेऊन दुसऱ्या बाजूने वारा घालू लागले. काका आपले पुटपुटत होते, "सावकाश, सावकाश." नव्वद. शंभर. सूनबाईने इतक्या जोरात टाळी वाजवली की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. माझी अकरा वर्षं त्या कोऱ्या डब्यात उतरली होती. त्याला चार बोल्ट मिळाले आणि चार नवी, जाड रबरं. चौथं मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने बसवलं आणि बोटाने तीन वेळा दाबून बघितलं.

एकोणतीस तारखेला ट्रक भरला. सूनबाई लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये चढली. मला तिने फडक्यात गुंडाळून बरोबर घेतलं. "काही अडलं तर हा हाताशी असू दे," ती म्हणाली आणि मला पुढच्या काचेशी ठेवलं. फडकं घसरलं आणि मित्रांनो, अकरा वर्षांत पहिल्यांदा मी काकांचं तोंड पाहिलं.

मला वाटलं होतं, चांगला धिप्पाड माणूस असेल. हे तर किरकोळ निघाले. भुवयांचे पांढरे केस वर उभे राहिलेले, एका कानामागे पेन्सिल, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मग त्यांनी पाय हळूच पॅडलवर टेकवला, अंदाज घेत वजन टाकलं, आणि मी मनात म्हटलं, हं, हेच ते!

चढ सुरू झाला. मागून मालकिणीची गाडी येत होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं.  सूनबाईची नजर पडद्यावर. दगड दिसू लागला. काकांनी दोन्ही हात चाकावर घट्ट केले. मी खाली इंजिनाशी नव्हतो, तरी मला तापल्यासारखं वाटायला लागलं. मी त्या नव्याला मनोमन सांगत होतो, ऐक रे बाबा, तो पाय काय सांगतोय ते ऐक.

दगड बाजूला आला. दगड मागे गेला. इंजिनाने श्वाससुद्धा चुकवला नाही.

माथ्यावर ट्रक थांबला. काका खाली उतरले. मालकीण गाडीतून आली आणि तिने नुसता हात पुढे केला. काकांना आधी कळेना. मग त्यांनी खिशातून गेटच्या किल्ल्या काढून तिच्या हातावर ठेवल्या.

"काका, मला माफ करा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"ताई, तुम्ही घाबरलात ते बरोबरच होतं. गाडी खरंच बंद पडत होती," काका म्हणाले. मग दम खाऊन त्यांनी इतके दिवस कोणी न ऐकलेलं वाक्य पुन्हा बाहेर काढलं. "पण गिअर नव्हता चुकला."

"नव्हता चुकला," मालकीण म्हणाली. "मी सगळ्यांना सांगते."

काकांनी सवयीने केबिन कलवायला हात घातला, इंजिन निववायला. सूनबाई ओरडली, "काका! आता कशाला?" आणि तिघेही पोट धरून हसले.

मला भंगारात टाकणार होते. काकांनी मला मागून घेतलं आणि घरी आणलं. काकूंनी मला उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "एवढ्याशा डब्याने तुमची झोप उडवली होती? दाराला अडसर म्हणून बरा आहे." पण माझे कोपरे फरशीवर ओरखडे काढायचे. दोन दिवसांनी मिस्त्री आले, खिशातून कात्री आणि जाड रबर काढलं, खाली बसून चार चकत्या कापल्या. कोपरे छान गोल. चारही माझ्या पायांना चिकटवल्या. चौथी चिकटवून झाल्यावर ती सुकेपर्यंत दाबून धरून बसले. काकूंनी दिलेला चहा गार झाला तरी उठले नाहीत.

मित्रांनो, मोठाल्या यंत्रांना सगळे जपतात. तुम्ही त्यांच्या खालच्या लहान रबरालाही जपा, आणि 'तात्पुरतं' म्हणालात तर तो शब्द कुठेतरी लिहून ठेवा. तुमचं काही दुखत असेल तर दुखतं तेव्हाच दाखवा, निवल्यावर नाही. आणि जगातले सगळे मुके झालेत असं वाटायला लागलं, तर माझी आठवण काढा.

संध्याकाळी मी दाराशी बसून वाट बघतो. पायऱ्यांवर पावलं वाजतात. मग एक पाय येतो आणि मला हळूच बाजूला सारतो, आधी नुसता टेकतो आणि मग अंदाज घेत घेत वजन टाकतो. मी मनात म्हणतो, आलात? सावकाश.